दिवा नव्हे, जोड भिजला

प्रश्न : आमचे घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. पुढे अंगण, त्याला लागून आठ गुंठ्यांचे आगर, त्यात नारळ, थोड्या पोफळी, आंब्याची दोन कलमे आणि टोकाला विहीर. गेल्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने मोबाइलवरून रंग बदलणारी एलईडीची पट्टी आणून गडग्यावर लावून दिली. खोक्यावर ‘आयपी६५’ असा, धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा संकेत ठळक छापला होता. पट्टी थोडी लांब झाली म्हणून टोकाचा तुकडा कापून ठेवला आहे. जुलैमध्ये पट्टीचा टोकाकडचा अर्धा भाग नुसताच हिरवा पेटू लागला आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सगळीच विझली. शिवाय वीज जाऊन परत आली की रात्री दोन वाजतासुद्धा दिवे आपोआप लख्ख पांढरे लागत आणि उठून बटण बंद करावे लागे. मुलगा म्हणतो की या वेळी आयपी६८चे दिवे घेऊ, म्हणजे पाण्याचा प्रश्नच मिटेल. खर्च पंचवीस हजारांच्या आत बसवायचा आहे. गणपतीला सगळे घरी येणार आहेत, त्याआधी काम व्हावे अशी इच्छा आहे. काय घ्यावे? तो कापलेला तुकडा कशाला उपयोगी पडेल का?
– एक निवृत्त शिक्षिका

उत्तर : आपल्या पट्टीचे दुखणे आपण पत्रातच लिहून ठेवले आहे. टोकाचा तुकडा कापला त्या दिवशीच तिचा ‘आयपी६५’ संपला होता. कारखान्यात अशा पट्टीवर सिलिकॉनचे आवरण चढवून दोन्ही टोके टोपण लावून बंद केलेली असतात. कात्री चालली की टोक उघडे पडते. त्यावर पुन्हा टोपण बसवून सिलिकॉन भरले नाही, तर पावसाचे पाणी आवरणाखालून पट्टीच्या अंगाने आत ओढले जाते. पट्टीत तांब्याचे चार पट्टे असतात : एक सामाईक धन (पॉझिटिव्ह) आणि लाल, हिरवा, निळा या प्रत्येक रंगाचा एक. टोकाकडून आलेल्या पाण्याने लाल आणि निळ्याचे पट्टे आधी खाल्ले असावेत, म्हणून त्यापुढचा भाग हिरवा उरला. नंतर पाणी मागे सरकत जोडापर्यंत पोचले आणि अडॅप्टरने हात टेकले. विझलेल्या पट्टीचे आवरण नखाने सोलून पाहिले, तर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक आपल्याला आत दिसेल.

मोबाइलवरून दिवे ‘बंद’ केले, तरी अडॅप्टर चालूच राहतो आणि पट्टीच्या धन पट्ट्यावर विजेचा दाब (व्होल्टेज) चोवीस तास असतो, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ओल्या तांब्यावर असा एकदिश दाब राहिला की तांबे विरघळत जाते, मग दिवा पेटलेला असो वा नसो. आपल्या आजोबांच्या काळचा कंदील विझवला म्हणजे विझत असे. स्मार्ट दिवा विझवला म्हणजे केवळ डोळे मिटतो. म्हणून पावसाळ्यात ज्या रात्री दिवे लागणार नाहीत, त्या रात्री भिंतीवरचे बटण बंद ठेवावे.

आता चिरंजीवांच्या आयपी६८बद्दल. या संकेतातला पहिला आकडा धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. दुसरा आकडा ५ असेल, तर ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटरची धार सर्व बाजूंनी मारून पाहिलेली असते. ६ असेल तर तोटी १२.५ मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला शंभर लिटर. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून पाहिलेला, आणि ८ म्हणजे त्याहून कठीण अटींवर, उत्पादकाने ठरवलेल्या खोलीत आणि वेळेपर्यंत बुडवलेला. मात्र बुडवण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेला दिवा धारेची परीक्षाही उत्तीर्ण असतोच असे नाही. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि दोन्ही दिलेल्या असतील तर खोक्यावर ‘आयपी६६/आयपी६७’ असे दोन्ही लिहितात. शिवाय या परीक्षा गोड्या पाण्यात आणि कोऱ्या दिव्यावर होतात. आपल्याकडचा खारा वारा, एप्रिल-मेचे ऊन आणि चार महिन्यांत पडणारा तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस यांची परीक्षा त्यात नाही. विहिरीच्या पाण्यात दिवा सोडायचा नसेल, तर ६८साठी जादा पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. आगरात जमिनीलगत ठेवायच्या दिव्यांना आयपी६६ किंवा ६७ आणि पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आतल्या बाजूस, आयपी४४ पुरेसा आहे.

दिव्यापेक्षा त्याच्या मागून निघणाऱ्या वायरीचा जोड मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या स्वतःच्या अंगणात तीन वर्षांपूर्वी चार दिवे लावले होते, दिवे चांगल्या बनावटीचे आणि आयपी६७ होते. पण ज्या कारागिराने ते बसवले त्याने वायरी पिळून काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि वर प्लास्टिकची पिशवी बांधली. पिशवीत पाणी बाहेरून आले नाही, आतच घामासारखे जमले. दिवाळीत उघडून पाहिले तेव्हा पिशवीत लाल मुंग्यांनी अंडी घातली होती आणि तांब्याची हिरवी पूड हाताला लागली. दिवे अजूनही तेच आहेत, जोड मात्र सगळे बदलले.

तेव्हा जोड असे करून घ्यावेत : वायरींचे टोक आधी डाक देऊन किंवा घट्ट कनेक्टरने जोडायचे, त्यावर आतून गोंद असलेली, तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक नळी चढवायची आणि मग तो जोड जेल भरलेल्या बॉक्समध्ये ठेवायचा. बॉक्स जमिनीत पुरू नये. गडग्याच्या चिऱ्यावर वीतभर उंचीवर बसवावी आणि वायर खालच्या बाजूने आत घ्यावी. वायर बॉक्सपाशी येण्याआधी खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, आत जात नाही. वायर ज्या ग्लँडमधून, म्हणजे बॉक्सला आवळून बसवलेल्या बुचातून, आत जाते तिचे भोक गोल असते, म्हणून वायरही गोलच हवी. घरातली चपटी वायर गोल ग्लँडमध्ये कितीही आवळली तरी दोन्ही बगलांना फट राहते आणि बॉक्सवर छापलेला आयपी६७ त्या फटीतून वाहून जातो. आपला वायरमन कितीही ओळखीचा असला, तरी ही एक गोष्ट त्याला समोर उभे राहून करायला लावावी.

याच कारणासाठी मी आपल्याला वाय-फाय असलेले दिवे बाहेर लावण्याचा सल्ला देणार नाही. स्मार्टपणा म्हणजे एक लहानसा कंट्रोलर असतो. तो दिव्यातच बसवलेला असला तर प्रत्येक दिव्याबरोबर एक नाजूक यंत्र पावसात उभे राहते, आणि आपल्या घराच्या जाड चिऱ्याच्या भिंतीतून, ओल्या झाडोऱ्यातून राउटरची लहर विहिरीपर्यंत पोचेल याचीही शाश्वती नसते. त्याऐवजी कंट्रोलर पडवीत छपराखाली ठेवावा आणि बाहेर केवळ साधे, ‘निर्बुद्ध’ रंगीत दिवे पाच तारांच्या वायरीने जोडावेत. पाच तारा म्हणजे सामाईक धन, तीन रंग आणि पांढरा. यात एक तोटा आहे तो सांगितला पाहिजे : एका कंट्रोलरवरचे सगळे दिवे एकाच वेळी एकाच रंगाचे होतील, माड निळा आणि कलम केशरी असे करता येणार नाही. तसे हवेच असेल तर दोन कंट्रोलर, दोन वायरी. आपल्या आगराला दोन गट पुरेसे आहेत, असे माझे मत आहे. कंट्रोलर कधी बिघडला किंवा त्याचे अ‍ॅप चालवणारी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तर पडवीतल्या खुर्चीवर चढून एक डबी बदलायची, आगर खणायचे नाही.

कंट्रोलर घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. वीज परत आल्यावर दिवे कोणत्या स्थितीत यावेत हे अ‍ॅपमध्ये ठरवता येते का, ही पहिली. आपल्याला मध्यरात्री उठावे लागत होते त्याचे कारण हेच आहे : अनेक स्मार्ट दिव्यांची मूळ मांडणी वीज येताच पूर्ण उजेडात पेटण्याची असते, म्हणजे भिंतीवरच्या साध्या बटणानेही ते वापरता यावेत. हा पर्याय ‘बंद’ किंवा ‘पूर्वीची स्थिती’ यावर ठेवता आला पाहिजे. दुकानदाराला ते मोबाइलवर दाखवायला सांगावे आणि दाखवता आले नाही तर तो नग घेऊ नये. इंटरनेट नसताना घरच्या वाय-फायवर किंवा रिमोटवर दिवे चालतात का, ही दुसरी. पावसात आपल्याकडे इंटरनेट किती वेळा जाते हे मी आपल्याला सांगायला नको. आणि सूर्यास्ताच्या वेळेनुसार आपोआप लागण्याची सोय आहे का, ही तिसरी, कारण डिसेंबरात सहाच्या सुमारास आणि जूनमध्ये सव्वासातच्या पुढे काळोख पडू लागतो आणि घड्याळाची वेळ लावून ठेवली तर ती वर्षभर चुकतच राहते. आपला राउटर २.४ गिगाहर्ट्‌झची लहर वेगळ्या नावाने दाखवत असेल तर कंट्रोलर तिलाच जोडावा. असे बहुतेक कंट्रोलर तेवढीच ओळखतात.

दिवे आणि कंट्रोलर दोन्ही २४ व्होल्टचे घ्यावेत, १२चे नकोत. घरापासून विहीर ३० मीटरवर आहे आणि तिकडे एकूण २४ वॉटचे साधे पांढरे दिवे लावायचे आहेत असे धरू. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम असतो. जाऊन-येऊन ६० मीटर झाले म्हणजे साधारण ०.७ ओहम. १२ व्होल्टवर २४ वॉटला दोन अँपिअर लागतात आणि वाटेतच जवळपास दीड व्होल्ट, म्हणजे बारा टक्के दाब गळतो. २४ व्होल्टवर तोच प्रवाह एक अँपिअर होतो आणि गळती तीन टक्क्यांवर येते. रंगीत पट्ट्यांमध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण दाब कमी पडला की निळा आणि हिरवा आधी मंदावतात व टोकाकडचा पांढरा तांबूस दिसू लागतो.

२३० व्होल्टचे काहीही आगरात जाऊ नये, हा माझा ठाम आग्रह आहे. अडॅप्टर पडवीत, भिंतीवर, पावसाचा झोत पोचणार नाही अशा जागी, हवा खेळेल अशा पेटीत ठेवावा. त्याची क्षमता दिव्यांच्या एकूण भाराच्या दीडपट असावी. त्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून खरा आहे की नाही हे दुकानातच पाहता येते. दिवा बिघडला तर अंधार होतो, अडॅप्टर बिघडला तर २३० व्होल्टचा दाब बागेत जाऊ शकतो, म्हणून या एका वस्तूत काटकसर करू नये. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. दुकानात अजूनही त्याला ईएलसीबी म्हणूनच मागतात. आणि ही लाइन विहिरीच्या पंपाच्या लाइनवरून काढू नये, कारण पंप सुरू होताना दाब खाली जातो आणि दिवे डोळे मिचकावतात. वळवाच्या विजा कडाडू लागल्या की अडॅप्टरचा प्लग काढून ठेवावा. विजेच्या लोटापासून आयपीचा कोणताच आकडा वाचवत नाही.

रंगांविषयी आपण काही विचारलेले नाही, तरी सांगतो. केवळ लाल, हिरवा, निळा असे तीनच कण असलेला दिवा पांढरा म्हणून जो उजेड देतो तो निळसर आणि आजारी असतो. त्यात हिरवे पान राखाडी दिसते. म्हणून स्वतंत्र पांढरा कण असलेला, खोक्यावर ‘आरजीबीडब्ल्यू’ लिहिलेला दिवाच घ्यावा आणि तो पांढरा २७०० ते ३००० केल्व्हिनचा, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या जातीचा असावा. पहिल्या आठवड्यात नातवंडे सगळे रंग फिरवून पाहतील, त्यानंतर वर्षातले तीनशे दिवस आपण हाच पिवळसर पांढरा लावणार आहात. माडाच्या खोडावर खालून पडलेला तो उजेड खोडावरच्या एकेक कड्याची सावली उमटवतो. तेथे जांभळा टाकला की खोड प्लास्टिकचे वाटू लागते. कलमाच्या गर्द पानांत मात्र मंद केशरी शोभतो. तुळशी वृंदावनावर पट्टी चिकटवू नये. तिथे पणतीच असू द्यावी, हे तांत्रिक मत नाही.

मी आपल्याला एकूण आठ दिवे सुचवीन. रंगीत चार, प्रत्येकी ९ वॉटचे : दोन अंगणाजवळच्या माडांना, दोन कलमांना. साधे पिवळसर पांढरे चार, प्रत्येकी ६ वॉटचे : दोन पाखाडीच्या पायऱ्यांवर आणि दोन विहिरीपाशी. हे दुसरे चार कंट्रोलरवर मुळीच जोडू नयेत. ते भिंतीवरच्या बटणाने लागावेत. काळोखात विहिरीकडे जाताना मोबाइल चार्जिंगला लावलेला आहे म्हणून दिवा लागला नाही, असे होता कामा नये. सगळे मिळून ६० वॉट, रोज चार तास लावले तर महिन्याला साधारण सात युनिट. पंचवीस हजारांपैकी निम्म्याहून थोडे अधिक दिव्यांवर आणि बाकीचे वायर, जोड, अडॅप्टर व मजुरीवर जाईल असा हिशेब धरावा. 

दिव्याचे अंग समुद्राजवळ पितळेचे किंवा जाड पॉलिकार्बोनेटचे चांगले. ओतीव अ‍ॅल्युमिनियमवरचा रंग एकदा टवका उडून निघाला की खाली पांढरी पूड धरते, आणि त्यात स्टीलचा स्क्रू असेल तर तिथूनच सुरुवात होते. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेसचे मागावेत. नेहमीच्या ३०४वर आपल्याकडे दोन पावसाळ्यांत चहासारखे डाग पडतात. सौर दिव्यांचा मोह टाळावा : माडांच्या सावलीत ते धड भरत नाहीत आणि पावसाळ्यात तर नाहीच.

जागा ठरवताना आधी वर पाहावे. माडाखाली जिथे नारळ आणि झावळ्या पडतात तिथे दिवा ठेवला तर आयपी६७चा दिवाही एका झावळीने मान टाकतो, म्हणून तो खोडापासून हातभर अंतरावर, घराच्या बाजूला ठेवावा. खोडाला पट्टी गुंडाळू नये. माडावर चढणाऱ्याचे पाय तिथेच पडतात. वायर एचडीपीईच्या (जाड प्लास्टिकच्या) नळीतून, दीड फूट खोल, गडग्याच्या कडेने न्यावी. नळीवाचून पुरलेली वायर घुशी कुरतडतात आणि त्यांच्या हातून वाचली तर आळे करताना कुदळीचा घाव बसतो.

आणखी एका पाहुण्याचा विचार करावा. मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीस आपल्या आगरात काजवे येत असतील. नर काजवा लुकलुकून मादीला खूण करतो. बाहेर उजेड असला की ती खूण तिला दिसत नाही. त्या तीन-चार आठवड्यांत आगरातले दिवे लावूच नयेत आणि पाखाडीपुरता उजेड ठेवावा. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरे उठतात, त्या रात्री तर दिवे बंद ठेवणेच शहाणपणाचे, नाहीतर सकाळी पडवीत पंखांचा सडा पडलेला असतो. एरवीही निळ्या-पांढऱ्यापेक्षा पिवळ्या-केशरी उजेडाला कीटक कमी येतात.

गणपतीपूर्वी हे काम करू नये. भाद्रपदात आगर चिखलाने भरलेले असते, चर खणले तर पाण्याने भरतात आणि ओल्या हाताने केलेला जोड आतच ओल बंद करून ठेवतो. मुले आली की कंट्रोलर आणि अडॅप्टर पडवीत बसवून घ्यावेत आणि पडवीच्या आतल्या बाजूने एक पट्टी लावून तो चालवून पाहावा. वीज गेल्या-आल्यावर तो कसा वागतो हेही त्या दिवसांत कळेल. बाहेरचे दिवे नवरात्रानंतर, जमीन वाफशावर आली की घालावेत. तुळशीच्या लग्नापर्यंत सहज होईल.

दिवे जमिनीत रोवण्याआधी प्रत्येकाची घरी एक परीक्षा घ्यावी. दिवा तासभर पेटता ठेवावा म्हणजे आतली हवा तापते. मग प्लग काढून लगेच त्यावर शिंपणाच्या नळीने दहा मिनिटे पाणी मारावे. थंड पाण्याने आतली हवा आकसते आणि कुठे फट असेल तर तीच बाहेरचे पाणी आत ओढून घेते. पावसाच्या पहिल्या सरीला नेमके हेच घडते. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या आत धुके दिसले तर तो नग बिल असतानाच परत करावा.

तो कापून ठेवलेला तुकडा वाया गेलेला नाही. कोरडा राहिला असेल तर पट्टीवर जिथे कात्रीची खूण आणि तांब्याचे चार ठिपके दिसतात, तिथे नवी वायर डाकून घ्यावी आणि जुना कंट्रोलर अजून चालत असेल तर गणपतीच्या मखरामागे, माजघरात, तो तुकडा लावावा. पट्टीवर १२ व्होल्ट लिहिलेले असेल तर तिला नवा २४ व्होल्टचा अडॅप्टर चुकूनही जोडू नये.